सध्या काय वाचून राहिले? अर्ध्यात असाल तरी सांगा

अक्षरवेल

नमस्कार मंडळी,

आपण पुस्तकांवर बोलतो ते बहुतेक वेळा पुस्तक संपल्यावर. तोवर मत पक्कं झालेलं असतं, इतरांनी काय लिहिलंय तेही वाचून झालेलं असतं. मग 'अप्रतिम', 'वाचायलाच हवं' असं काहीतरी लिहून आपण मोकळे होतो. वाचताना मधेच आलेला राग, कंटाळा, एखाद्या पात्राशी मनातल्या मनात झालेलं भांडण, हे सगळं शेवटच्या पानापर्यंत विरून जातं. मला ते मधलं ऐकायचंय. अर्ध्यात असताना वाचकाला जे वाटतं ते जास्त खरं असतं, असं माझं ठाम मत आहे. पुढे काय होणार हे तेव्हा त्याला ठाऊक नसतं आणि लेखकाला सांभाळून घेण्याचीही गरज वाटत नसते.

म्हणून विचारते, सध्या काय वाचताय, कुठवर आलात आणि या घडीला काय वाटतंय?

सुरुवात माझ्यापासून. उद्धव शेळके यांची 'धग', 1960 सालची कादंबरी. निम्म्याच्या थोडं पुढे आहे. कौतिक ही बाई घर चालवण्यासाठी जे जे करते ते वाचताना छाती भरून येते, आणि तिचा नवरा महादेव समोर असता तर त्याला चार शब्द सुनावले असते. या क्षणी माझा राग लेखकावरही आहे. एकामागून एक संकट. या बाईला श्वास घ्यायला एखादं पान तरी द्या नं! तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण त्यातली माणसं माझ्या आजीसारखी बोलतात. आमच्या घरातलं वऱ्हाडी बोलणं छापलेलं पाहिलं की आजही अंगावर काटा येतो.

कुठे आणि कधी वाचता तेही लिहा. मी रात्री, सगळे झोपल्यावर.

महालकर

छान धागा. रुमाल टाकून ठेवतो.

बर्डी_ते_बुटीबोरी

मी वसंत मून यांचं 'वस्ती' वाचून राहिलो. साधारण पाऊण झालं. सीताबर्डीच्या महारपुऱ्यात लेखकाचं बालपण गेलं, त्याचं हे आत्मकथन. आखाडे, समता सैनिक दल, वस्तीतली पोरं, वस्तीतल्या बाया, सगळं आहे. मी रोज बर्डीवरून जातो. मेन रोडला खरेदीची गर्दी, वर मेट्रो, आणि याच जागी एवढं सगळं घडून गेलं. शाळेत आम्हाला बर्डी म्हटलं की किल्ला आणि इंग्रजांची लढाई शिकवली. ही बर्डी कुणी सांगितलीच नाही.

आतापर्यंतचं मत असं, की हे पुस्तक नागपूरच्या प्रत्येक घरात असायला पाहिजे. शेवट वाचून ते बदलेल असं वाटत नाही.

निवृत्त_मास्तर

अक्षरवेल ताई, धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. अर्ध्यावरचं मत म्हणजे फक्त त्या वेळची मनःस्थिती. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. 1939 सालची, आकाराने लहान कादंबरी. युरोपातून परतणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. अर्ध्यात कुणाला विचारलं तर तो म्हणेल, बोटीवरची प्रेमकथा आहे. हॅर्टाची पत्रं येतात तेव्हा मागची सगळी पानं वेगळी दिसू लागतात. तिथवर न पोहोचता मत देणाऱ्याने त्या पुस्तकावर अन्याय केला, असं मी म्हणेन. वर्गातही मुलांना सांगत असे, आधी पूर्ण वाचा, मग बोला.

तर्रीपोहे

मास्तर, शेवट सांगू नका नं जी! कालच आणली मी ती कादंबरी.

निवृत्त_मास्तर

शेवट सांगितलेला नाही. पत्रं येतात एवढंच म्हटलं. तुम्ही वाचा, एका बैठकीत होईल.

वर्धाकाठ

मास्तरांचा मान राखून सांगतो, मी अर्ध्यातच आहे आणि पुढे वाचणारही नाही. तरी मत देणार.

पुस्तक 'बारोमास', सदानंद देशमुख यांचं. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. चांगलं नाही म्हणून बंद केलं असं नाही. उलट. एकनाथ शिकला, नोकरी नाही, शेतात राबतो, घरात रोज कटकट. माझं घर काटोल तालुक्यात. वडिलांची संत्र्याची बाग होती, थोडा कापूस होता. बागेची झाडं वाळली तेव्हा बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. पुस्तकात बाप आणि लेक शेतीवरून भांडतात नं, ते भांडण मी आमच्या ओसरीवर ऐकलंय, जवळपास त्याच शब्दांत. मी नागपुरात खोली करून राहतो, दिवसभर काम करून येतो आणि रात्री तेच पुन्हा वाचायचं. काहून वाचू? लेखकाने एवढं खरं लिहिलं की मला सोसलं नाही, हेच माझं मत. पूर्ण वाचलेल्या कुणाच्या मतापेक्षा ते कमी आहे असं मला वाटत नाही.

मेघदूत_रामटेक

+१ वर्धाकाठ. वाचून गप्प झाले.

अक्षरवेल

वर्धाकाठ, मला हेच हवं होतं. मनापासून लिहिलंत.

कन्हान

मी जरा वेगळं बोलते. वर्धाकाठ दादा, तुमचं दुःख समजतं, पण ती कादंबरी शहरातल्या माणसांनी पूर्ण वाचली पाहिजे. माझी नोकरी बँकेत, शेतीकर्जाच्या फायली हातात येतात. 'बारोमास' वाचेपर्यंत त्या फायलींमधला माणूस मला दिसतच नव्हता. पिकाचा भाव, व्याज, मुलीचं लग्न, बियाण्याची उधारी, हे सगळं एका घरात एकाच वेळी कसं येऊन आदळतं ते त्या पुस्तकाने दाखवलं. ज्यांनी सोसलंय त्यांनी सोडलं तर चालेल. आमच्यासारख्यांनी सोडू नये.

वर्धाकाठ

हे पटलं ताई.

वाळ्याची_टट्टी

कुठे-कधी वाचता याचं उत्तर देतो. एप्रिल-मेच्या दुपारी. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बाहेर पडायचा प्रश्नच नाही. दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, समोर पन्ह्याचा ग्लास. कूलरसमोर बसलं की पानं उडतात, म्हणून डाव्या पानावर स्टीलची वाटी ठेवतो. कूलरच्या दमट हवेने पुस्तकं फुगतात, ती पावसाळा संपेपर्यंत तशीच. माझी सगळी जाड पुस्तकं उन्हाळ्यात झाली. 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड एका उन्हाळ्यातले. बाहेर झळा आणि आत कोकणातला पाऊस, ते सुख शब्दांत सांगता येत नाही.

सध्या दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' हाती आहे. ज्या महिन्यात आपण असतो त्याच महिन्याचं प्रकरण वाचायचं, असं ठरवलं आहे. त्यामुळे वर्षभर मी 'अर्ध्यात'च असणार. वाचून झालं की अंबाझरीकडे फिरायला जातो आणि दुर्गाबाईंनी सांगितलेलं काही आपल्याकडे दिसतं का ते पाहतो. पळसाच्या बाबतीत आपला विदर्भ कुणाला हार जाणार नाही.

तर्रीपोहे

डाव्या पानावर वाटी! उद्यापासून मीही. वाटीत चिवडा असला तर अजून बरं.

अभ्यासिका_सीट_नंबर_नाही

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत कादंबरी काढली की आजूबाजूचे अशा नजरेने बघतात जसं काही मी डबा उघडून सावजी खातोय. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर कट्ट्यावर वाचतो. 'कोसला' चालू आहे. पहिली काही पानं वाचून वाटलं, हा पांडुरंग सांगवीकर नुसता कंटाळलेला माणूस आहे, मला याच्याशी काय करायचंय. पुढे मनी जाते, त्याची लहान बहीण. ती पानं वाचली त्या दिवशी परत अभ्यासिकेत गेलोच नाही, चालत चालत फुटाळ्यापर्यंत गेलो. तेव्हापासून पुस्तक बंद आहे. पुढे वाचू का? मास्तर, तुम्ही सांगा.

निवृत्त_मास्तर

बाळा, थोडे दिवस जाऊ दे, मग वाच. घाई कसली? 1963 पासून ते पुस्तक तुझ्या वयाच्या मुलांची वाट बघत थांबलेलं आहे. परीक्षेच्या आधी मात्र नको.

गोदणे

इथे कुणी कवितांचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितेय. मी ग्रेस वाचतेय, 'संध्याकाळच्या कविता'. कवितासंग्रहात अर्धं आणि पूर्ण कसं ठरवणार? कुठलंही पान उघडते, एक कविता वाचते, मिटते. काही ओळी वर्षानुवर्षं कळत नाहीत, पण पाठ आहेत. आमच्या पिढीतले बरेच जण 'भय इथले संपत नाही' हे गाणं ऐकून त्यांच्याकडे वळले, मीही तशीच. आपल्याच गावातले कवी, साहित्य अकादमी मिळायला 2011 साल उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्याची हळहळ अजून वाटते.

महालकर

ग्रेस दुर्बोध आहेत असं म्हटलं की इथे लोक अंगावर येतात, तरी म्हणतो. मला नाही कळले. प्रयत्न केला, प्रामाणिकपणे केला. कविता वाचकापर्यंत पोहोचली पाहिजे ही माझी साधी अपेक्षा आहे. सुरेश भटांचा शेर एकदा ऐकला की आयुष्यभर सोबत राहतो. तेही आपलेच, अमरावती-नागपूरचे. मला ती वाट जवळची.

गोदणे

महालकर, तुलना कशाला? भटांची गझल मैफिलीत फुलते, तिथे समोरचा दाद देतो. ग्रेस एकट्याने वाचायचे. मला दोघंही लागतात, वेगवेगळ्या वेळी. तुम्ही एकदा संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, मोठ्याने वाचून बघा. अर्थ शोधू नका, फक्त आवाज ऐका.

महालकर

बघतो. तुम्ही इतकं प्रेमाने सांगितलं आहे तर नक्की बघतो.

लोकमान्यनगर_मेट्रो

मोठ्याने वाचण्यावरून आठवलं. आईला आता डोळ्यांनी वाचता येत नाही. मी तिला रोज रात्री जेवणानंतर वाचून दाखवतो. सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. त्यातले टिळक म्हणजे त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक. दोन पानांत तिचं मत दोनदा बदलतं. आधी म्हणते, 'बाई, हे टिळक म्हणजे भारी विक्षिप्त', आणि पुढच्या प्रसंगाला, 'पण माणूस मनाचा मोठा हो'. ती त्यांच्याशी शेजारच्या घरातल्या माणसांसारखी बोलते.

नागपूरचा भाग आला तेव्हा तर तिने मला तिथेच थांबवलं. टिळक इथे आप्पासाहेब बुटींकडे कामाला होते. पुढे राजनांदगावला जाताना गाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली आणि आयुष्य बदललं. तो प्रवास 1893 चा. आईचं माहेर गोंदियाचं, त्याच रेल्वेमार्गावरचं. तिने स्टेशनांची नावं एकामागून एक म्हणून दाखवली, मग म्हणाली, आता वाच पुढे.

मला विचाराल तर अर्धवट मतं सगळ्यात जास्त ऐकावीत ती अशा माणसांची.

मेघदूत_रामटेक

किती सुंदर! आईंना नमस्कार सांगा.

हायवेवाला

म्हणजे ऐकणंसुद्धा वाचणंच झालं नं? माझं काम नागपूर-अमरावती असं सतत गाडीचं. हातात पुस्तक धरायला वेळ नाही, म्हणून मोबाईलवर ऐकतो. मित्र म्हणतात, हे काही वाचन नाही.

वाळ्याची_टट्टी

माझ्या मते नाही. ऐकताना आपण मागे जाऊन वाक्य पुन्हा चाखत नाही. वाचनाची गती आपल्या हातात राहत नाही.

लोकमान्यनगर_मेट्रो

माझी आई दर पानाला मागे जायला लावते मला! ऐकणारा जागा असला की झालं. हायवेवाले भाऊ, ऐका बिनधास्त. आपल्याकडे कीर्तन आणि पोथी पिढ्यान् पिढ्या ऐकूनच पोहोचली.

हायवेवाला

धन्यवाद भाऊ. मग सांगूनच टाकतो, मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' मी पुस्तक विकत घेऊन वाचतोय. ते ऐकायचं नाही, हातात घेऊनच वाचायचं असं ठरवलं. सोलापूरचं बालपण आणि कोईमतूरचं वनशिक्षण झालं, आता जंगलातल्या नोकरीचा भाग. वनखात्याची नोकरी करता करता एवढ्या पक्ष्यांची, झाडांची, जंगलातल्या माणसांच्या बोलीतल्या नावांची नोंद ठेवणारा दुसरा माणूस मराठीत मला माहीत नाही. 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. नवेगावबांधच्या जंगलात मी कितीदा गेलो असेन, पण पुस्तक वाचल्यावर जाणार आहे तसा एकदाही गेलो नव्हतो.

कन्हान

नवेगावला जाणार असाल तर माधवराव पाटील डोंगरवारांबद्दलची पानं आधी वाचा. चितमपल्लींनी त्यांच्याकडून जे शिकलं ते फार आपुलकीने लिहिलंय.

निळी_पहाट

उशिरा येतेय. पुस्तकं कुठून घेता हे कुणी विचारलं नाही, तरी सांगते. आमच्या घरातली बहुतेक पुस्तकं दीक्षाभूमीवरची आहेत. विजयादशमीला बाबा आम्हाला घेऊन जायचे. गर्दीत हात सुटू नये म्हणून त्यांच्या शर्टाचं टोक धरायचं आणि स्टॉलवर उभं राहायचं. घरटी एक तरी पुस्तक घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही, हा त्यांचा नेम. लांबून, रात्रभर प्रवास करून आलेली माणसं जेवणाच्या पैशातून पुस्तक घेताना मी पाहिली आहेत. मराठी माणूस वाचत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा तिथे येऊन उभं राहावं.

सध्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' वाचतेय. दलित घरातली नागपूरकर मुलगी संस्कृत शिकायचं ठरवते आणि पुढे तेच शिकवते. शिकताना आणि नोकरी शोधताना तिला काय काय ऐकावं लागतं ते वाचून मी पुस्तक मिटून घरात फेऱ्या मारते, मग पुन्हा उघडते. अजून बरंच बाकी आहे. बर्डी_ते_बुटीबोरी, 'वस्ती'बद्दल लिहिलंत ते बरं केलंत. या दोन पुस्तकांनंतर कौसल्या बैसंत्रींचं 'दोहरा अभिशाप'ही घ्या. ते हिंदीत आहे, पण गोष्ट नागपूरच्याच वस्तीतली.

बर्डी_ते_बुटीबोरी

नाव टिपून घेतलं ताई. तुमच्या बाबांचा नेम आमच्या घरातही होता. आमचं पहिलं पुस्तक 'बुद्ध आणि त्याचा धम्म'.

मेघदूत_रामटेक

मदत हवी. भाची तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेत. मराठी बोलते छान, वाचताना अडखळते. काय देऊ? उपदेश करणारं नको, ती लगेच ओळखते.

गोदणे

चितमपल्लींचे छोटे लेख. एका वेळी एकच. आणि मोठ्याने वाचू द्या तिला, चुका काढू नका.

तर्रीपोहे

दिवाळी अंक द्या. चित्रं असतात, कथा छोट्या असतात, आवडली नाही तर पुढचं पान. मी तसाच लागलो वाचनाला. आमच्याकडे एक अंक चार घरांत फिरायचा, परत यायचा तेव्हा शब्दकोडी कुणीतरी सोडवलेली असायची.

अक्षरवेल

तेरा म्हणजे अगदी बरोबर वय आहे. वाचून दाखवायला सुरुवात करा आणि रंगात आलं की कामाचं निमित्त काढून उठा. पुढचं ती स्वतः वाचेल.

'धग' काल संपली. मास्तर, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. महादेववरचा माझा राग अजून आहे, तो कमी होणार नाही. शेळक्यांनी कौतिकला उसंत दिली नाही ही तक्रारही कायम आहे, पण आता ती त्यांच्याविरुद्ध वापरावीशी वाटत नाही. उसंत दिली असती तर ती खोटी वाटली असती, कारण त्या काळच्या कोणत्या कौतिकला ती मिळाली? मधे असताना मी तिच्यासाठी भांडत होते आणि संपल्यावर तिच्या शेजारी बसले आहे असं वाटतंय. दोन्ही वाचनं मला हवी आहेत.

निवृत्त_मास्तर

हे छान मांडलंत. मला अर्ध्यावरच्या मतापेक्षा अजूनही पूर्ण वाचलेलं मतच महत्त्वाचं वाटतं. पण तुमचं आधीचं लिहिलेलं नसतं, तर हे दुसरं इतकं उमगलं नसतं, एवढं मान्य करतो.

वर्धाकाठ

निळी_पहाट ताई किंवा बर्डी_ते_बुटीबोरी भाऊ, 'वस्ती' कुणाकडून वाचायला मिळेल का? दुकानात विचारलं, सध्या नाही म्हणाले.

बर्डी_ते_बुटीबोरी

माझं रविवारपर्यंत होईल. बुधवारी संध्याकाळी झाशी राणी चौकात भेटू, मेट्रो स्टेशनच्या खाली. खाकी कव्हर घातलंय, ते काढू नका. आणि वाचताना पेन्सिलीने खुणा केल्या तरी चालतील, माझ्याही आहेत.